स्थाली आणि मणी

गच्चीवर चार सोलर पॅनेल बसवून त्यांच्या विजेवर आपली दुचाकी चार्ज करणारा मनुष्य महिन्याच्या अखेरीस पेट्रोलचा खर्च वाचला म्हणून संतुष्ट असतोच. परंतु त्याहून अंमळ अधिक संतोष त्यास दुसऱ्याच एका गोष्टीचा असतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. आपण कोणाचे काही घेतले नाही, कोठे धूर सोडला नाही, आकाशातून जे आपोआप पडत होते आणि न घेतल्यास गच्चीची फरशी तापविण्यापलीकडे ज्याचा काही उपयोग नव्हता तेवढेच घेऊन आपण बाजारापर्यंत जाऊन आलो, ही ती निर्ऋणतेची भावना होय. अर्थशास्त्री हिला बचत म्हणेल. पण ज्या सुरात ती बोलून दाखविली जाते त्या सुरात पापक्षालनाचे समाधान स्पष्ट ऐकू येते, आणि म्हणून तिची तपासणी धर्मविचाराच्या दप्तरात करणे मला अधिक सयुक्तिक वाटते. सूर्यापासून घेतलेले मनुष्यास पचते काय, आणि पचत असल्यास कोणत्या अटीवर, हा प्रश्न आपल्या परंपरेस नवीन नाही.

प्रथम व्यवहाराचे माप थोडक्यात देतो. निरभ्र दिवशी माध्यान्ही सूर्याभिमुख अशा एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १००० वॉट इतकी शक्ती येऊन पडते, आणि प्रचलित पॅनेल तिचा सुमारे पाचवा हिस्सा विजेत उतरविते. महाराष्ट्रात एक किलोवॉटची जोडणी वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देते, आषाढ-श्रावणात बरीच कमी आणि चैत्रात काहीशी अधिक. रस्त्यावर सर्रास दिसणाऱ्या विजेच्या दुचाकीची बॅटरी तीन युनिटांच्या आगेमागे असते, म्हणजे चार्जिंगमध्ये होणारी घट जमेस धरूनही एका दिवसाच्या उन्हात ती पूर्ण भरते. ज्या २५० वॉटच्या सायकलीस कायदा परवाना किंवा नोंदणी मागत नाही, तिला तर बहुधा अर्धे युनिटही पुरते. प्रकाशापासून वीज निघते हे १८३९ साली एदमों बेकरेल या एकोणीस वर्षांच्या फ्रेंच तरुणास दिसले, आणि १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा जो घट जाहीरपणे दाखविला तो पडलेल्या उजेडाचा जेमतेम सहा टक्के भाग विजेत उतरवीत असे. एवढा इतिहास येथे पुरे.

आपल्या पुराणेतिहासांत सूर्यापासून काही ना काही मिळविणाऱ्यांची एक मोठी मालिकाच आहे. याज्ञवल्क्याने गुरूशी बिनसल्यावर त्याजकडून घेतलेली विद्या परत केली आणि सूर्याची आराधना करून शुक्ल यजुर्वेद संपादिला; कर्णास कवचकुंडले जन्मतःच मिळाली, आणि ती त्याने अंगावेगळी करून दिली म्हणून त्याचे नाव राहिले; नित्याच्या संध्येतील जो मंत्र पिढ्यान्‌पिढ्या म्हटला गेला, त्यात तर सूर्याजवळ अन्नही मागितलेले नाही आणि धनही नाही, केवळ बुद्धीस प्रेरणा मागितली आहे. परंतु प्रस्तुत विषयास निकटचे असे दोघेच, युधिष्ठिर आणि सत्राजित. कारण रोजच्या रोज उत्पन्न देणारी वस्तू सूर्यापासून या दोघांनाच मिळाली. एकास तांब्याची स्थाली मिळाली आणि दुसऱ्यास स्यमंतक मणी.

युधिष्ठिराची कथा वनपर्वाच्या प्रचलित पाठात अशी आहे की, द्यूतात सर्वस्व गमावून तो अरण्यात निघाला असता ब्राह्मणांचा मोठा समुदाय त्याच्यामागे निघाला, आणि ज्याला स्वतःच्या भोजनाची भ्रांत त्याने एवढ्यांचे पोषण कसे करावे या विवंचनेत असता पुरोहित धौम्याने त्यास सूर्याची एकशे आठ नावे सांगून उपासनेस बसविले. सूर्य प्रसन्न झाला आणि त्याने ती स्थाली दिली. बारा वर्षे तीत अन्न सरणार नव्हते. मात्र दररोज पांचाली जेवेपर्यंतच, ती जेवली की त्या दिवसापुरती स्थाली रिती. या अटीकडे आपण कीर्तनातून दुर्वासाच्या फजितीच्या निमित्ताने पाहत आलो, म्हणून तिच्यातील गंभीर अर्थ आपल्या नजरेतून निसटला. सूर्याने दिलेले अक्षय आहे, पण अमर्याद नाही. ते दिवसाच्या मापाने मिळते, उद्याचे आज मागता येत नाही. गच्चीवरील पॅनेलाचा स्वभाव नेमका हाच असून त्याचा मालक मात्र ‘फुकट आहे’ या एका शब्दाने ते माप विसरतो. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जो कालपर्यंत पायी जात होता तो आज दुचाकी काढतो, कारण खर्च नाही. वाफेची यंत्रे जसजशी काटकसरीची होत गेली तसतसा इंग्लंडात कोळसा अधिकच खपू लागला, हे जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली दाखवून दिलेच होते.

त्या कथेतील दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते, आणि ती म्हणजे जेवणाचा क्रम. प्रथम ब्राह्मण जेवत, मग धाकटे भाऊ, मग जे उरे ते युधिष्ठिर घेई, आणि या उरलेल्या अन्नास व्यासांनी ‘विघस’ असे सन्मानाचे नाव दिले आहे. सर्वांमागून द्रौपदी बसे. (घरातील स्त्रीने सर्वांच्या मागून बसावे हा शिरस्ता मला पूर्वीही खुपत असे आणि आजही खुपतो, स्थालीचे आयुष्य त्या एका स्त्रीच्या भुकेवर टांगून ठेवणाऱ्या कथाकारालाही तो खुपत असेल काय, असे कधी कधी मनात येते.) ज्याच्या नावाने स्थाली मिळाली, तपश्चर्या ज्याने केली, त्याचा पहिला हक्क तीवर नाही. हक्कदार तो, पण घास शेवटच्या काहींतला.

आता सत्राजित पाहा. तो सूर्याचा परमभक्त होता, युधिष्ठिरापेक्षा कदाचित अधिक. मणी कंठात घालून तो द्वारकेत आला तेव्हा लोकांना प्रत्यक्ष सूर्यच येत आहे असे वाटले. तो मणी दररोज आठ भार सोने प्रसवत असे आणि जेथे तो पूजिला जाई तेथे दुष्काळ, व्याधी फिरकत नसत. श्रीकृष्णाने तो उग्रसेनासाठी मागितला. सत्राजिताने दिला नाही. पुढचे आपल्याकडे भाद्रपद चतुर्थीच्या चंद्रदर्शनाशी जोडले गेल्यामुळे घरोघर ठाऊक आहे: भाऊ प्रसेन तो मणी घालून मृगयेस गेला आणि सिंहाच्या तोंडी पडला, सिंहास जांबवानाने मारले, श्रीकृष्णावर नाहक चोरीचा आळ आला, आणि शेवटी शतधन्व्याने सत्राजितास झोपेत असता ठार केले. ज्या मण्याच्या सान्निध्यात अरिष्ट येत नाही अशी ख्याती, त्याच्या मालकाच्या घरी एवढी अरिष्टे का यावीत? पुराणकार याचे पुरते उत्तर देत नाहीत, पण दोन्ही कथा शेजारी ठेवल्या म्हणजे ते दडून राहत नाही. देणारा तोच, देणे तितकेच अक्षय, उभयतांची भक्तीही निःसंशय. फरक पडला तो घेणाऱ्यापुढे कोण जेवले एवढ्याचाच.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात देवांनी दिलेले त्यांना न देता एकटाच भोगणाऱ्यास चोर म्हटले आहे, आणि त्याच्याही फार पूर्वी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील दानाच्या सूक्तात एकट्याने खाणाऱ्याच्या वाट्यास एकट्याचेच पाप येते असा आशय आला आहे. परंतु सूर्याच्या बाबतीत येथे एक अडचण उभी राहते. इतर देणेकऱ्यांचे देणे फेडता येते. सूर्यास आपण काय देणार? अर्घ्याचे ओंजळभर पाणी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यास त्याची गरज नाही, आणि आपण पॅनेल बसविले किंवा न बसविले तरी त्याच्या भांडारात तिळमात्र अधिकउणे होत नाही. मग ऋणच नाही, असे म्हणावयाचे काय? निर्ऋणतेची जी भावना प्रारंभी सांगितली ती याच फटीतून आत शिरते. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ज्या देणाऱ्यास परतफेड पोहोचूच शकत नाही त्याचे ऋण नाहीसे होत नाही. ते तिरपे वळून आपल्याशेजारी उभ्या असलेल्यांच्या नावे खतावले जाते. युधिष्ठिराने सूर्यास काही परत केल्याचा उल्लेख नाही. त्याने ते पंक्तीत बसलेल्यांना दिले.

येथे एक बुद्धिवादी गृहस्थ मला अडवील आणि म्हणेल की, सूर्याचे राहू द्या, या पॅनेलाचेच पाप आधी मोजा. ते त्याचे म्हणणे खोटे नाही. गारगोटीपासून सिलिकॉन काढताना विद्युत्‌भट्टीत सुमारे २००० अंशांपर्यंत ती तापवावी लागते आणि भट्टीत दगडी कोळसा किंवा लाकूड घालावेच लागते. बॅटरीतील लिथियमपैकी पुष्कळसे चिलीतील अटाकामाच्या खाऱ्या पठाराखालचे पाणी उपसून ते वर्ष-दीड वर्ष उघड्या कुंडांत उन्हानेच आटवून मिळते, आणि त्या कोरड्या मुलखातील मूळ रहिवाशांस आपले पाणी जाते अशी तक्रार करावी लागते; कित्येक बॅटऱ्यांतील कोबाल्ट काँगोतून येतो, जेथे खाणीत मुलेही राबतात याचे पुरावे वारंवार पुढे आले आहेत. लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत कोबाल्ट लागत नाही ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. पण या हकिगतीवरून ‘मग पेट्रोल आणि ऊन सारखेच’ असा जो निष्कर्ष काढला जातो तो आळसाचा आहे. पॅनेल घडविण्यास लागलेली ऊर्जा आपल्यासारख्या उन्हाच्या देशात ते एक-दोन वर्षांत परत देते आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षे देतच राहते. एक लिटर पेट्रोल मात्र जळताना सव्वादोन किलोहून अधिक कर्बवायू हवेत सोडते आणि संपते. धर्मशास्त्राने ही कोंडी फार पूर्वी ओळखली होती. मनुस्मृतीतील पुष्कळ काही मी मानीत नाही, पण गृहस्थाच्या घरी चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा या पाच ठिकाणी नकळत जीवहत्या होते असे जे तीत सांगितले आहे, त्यातील प्रामाणिकपणा मला आदरणीय वाटतो. चूल विझवून उपाशी बसा असे ते शास्त्र सांगत नाही आणि चुलीत काही मरत नाही असा बहाणाही करीत नाही. हिंसा घडते हे मान्य करून त्यासाठी रोजचे पंचमहायज्ञ लावून देते, ज्यांत अतिथी आहे, भूतमात्र आहे. आजच्या गृहस्थाच्या घरी सहावे ठिकाण म्हणून बॅटरी मोजण्यास हरकत नसावी.

कोळशाविषयीही एक शब्द लिहिणे प्राप्त आहे, कारण कोळसा हासुद्धा सूर्यच आहे. चंद्रपूरच्या आसपासच्या खाणींतून जे काळे दगड निघतात ते २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या अरण्यांनी साठविलेले ऊन होय. मग त्याला दूषण का? माझ्या मते भेद आहे तो मुद्दल आणि उत्पन्न यांचा. कोणीही घालून न ठेवलेली, कोणाच्याही हयातीत पुन्हा न भरणारी ती ठेव आपण तीन-चारशे वर्षांत मोडून खाण्यास बसलो आहो, तीही पुढच्यांची संमती न घेता. स्थालीला दररोज रिते होण्याचे बंधन होते, खाणीला तसले काहीच नाही.

आता ज्या जागी हा सर्व विचार खरोखर अवघड होतो तेथे येतो. दुचाकी दिवसा मालकाबरोबर कचेरीत असते आणि पॅनेल घरी. ऊन असते तेव्हा गाडी नसते, गाडी असते तेव्हा ऊन नसते. म्हणून बहुतेकांच्या घरी नेट मीटर बसविलेला असतो: दुपारची वीज महावितरणच्या तारांत जाते, तिची नोंद ग्राहकाच्या नावे जमा होते, आणि रात्री तो तेवढीच वीज परत ओढून घेतो. रात्री जी येते ती सूर्याची नव्हे; ती पुष्कळ अंशी चंद्रपूर, कोराडी, परळी येथील भट्ट्यांची आणि थोडी कोयनेच्या पाण्याची असते. तारेत शिरलेल्या युनिटास गोत्र राहत नाही. तेव्हा शुद्धीच्या कसोटीवर पाहू जाता हा केवळ जमाखर्चाचा सूर्य झाला, आणि एखादा सोवळा पर्यावरणवादी त्यास दांभिक म्हणेल. परंतु क्रमाच्या कसोटीवर पाहिले तर चित्र पालटते. दुपारी माझ्या पॅनेलाची वीज शेजारच्या पिठाच्या गिरणीने वापरली, पलीकडच्या दवाखान्यातील शीतकपाटाने वापरली, आणि सर्वांचे झाल्यावर रात्री मी घेतो. म्हणजे यंत्राने माझ्याकडून नकळत युधिष्ठिराचा आचार करवून घेतला. येथे मीमांसक मला थांबवील, की संकल्पावाचून झालेले कर्म कर्त्याच्या खाती पडत नाही, मीटरने केलेला धर्म मीटरचा. आक्षेप बिनतोड आहे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली दिलेल्या गीताप्रवचनांत विनोबांनी अकर्माचे उदाहरण म्हणून सूर्यच पुढे केला होता, की जो काही करीत आहे असे त्यास वाटतही नाही आणि ज्याच्यामुळे सर्व काही चालते. परंतु सूर्यास संकल्पाची गरज नाही याचे कारण त्यास काही धरून ठेवावयाचे नाही. आपल्यापाशी छप्पर आहे, मालकी आहे, बिल आहे. नकळत घडलेले दान एक दिवस कळून सवरून करावे लागेल तेव्हाच ते आपले होईल.

छपराचा उल्लेख आला, आणि खरा दोष मला सूर्याकडे वा यंत्राकडे दिसत नसून तेथेच दिसतो. १९५१च्या एप्रिलात पोचमपल्लीस भूदानाचा प्रारंभ झाल्यावर विनोबा गावोगाव सांगत फिरले की, हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश यांवर जशी कोणाची मालकी नाही तशी ती जमिनीवरही असू नये. सूर्यप्रकाशाचे उदाहरण त्या काळी निर्विवाद होते. आज ते तसे राहिलेले नाही, कारण प्रकाशावर मालकी नसली तरी तो जेथे पडतो त्या पृष्ठभागावर आहे. ज्यास स्वतःची गच्ची आहे त्यास सूर्य म्हणजे सनदेवाचून मिळालेले, साऱ्यातून मुक्त असे इनाम आहे. चाळीतल्या भाडेकरूस, झोपडपट्टीतल्या कुटुंबास आणि दुसऱ्यांचे जेवण घरपोच देत विजेच्या दुचाकीवरून दिवसभर फिरणाऱ्या तरुणास तोच सूर्य केवळ ऊन लागण्यापुरता मिळतो. कायदाही येथे फारसा साह्यास येत नाही. १८८२च्या सुखाधिकार कायद्याने इमारतीस अव्याहत वीस वर्षे मिळालेल्या उजेडास व हवेस संरक्षण दिले, ते घरात शिरणाऱ्या उजेडासाठी. कालपरवा बसविलेल्या पॅनेलावर शेजारी उठलेल्या मजल्यांची सावली पडली तर त्याच्या मालकाने त्या कायद्याकडे फार आशेने पाहू नये.

या बाबतीत शहरापेक्षा खेड्यातून अधिक शिकण्यासारखे आहे. आपल्या राज्यात कृषिपंपांस वीज पाळीने मिळते, आणि आठवड्यातील काही दिवस ती रात्रीच मिळत असल्यामुळे शेतकऱ्यास अंधारात, चिखलात, विंचवासापांच्या भीतीत पिकास पाणी द्यावे लागते ही वर्षानुवर्षांची रड आहे. २०१७ साली राळेगणसिद्धी आणि यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबी या दोन ठिकाणांपासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, तिचा हेतू कृषिपंपांना सूर्याची वीज दिवसा मिळावी एवढाच आहे. योजनेच्या गतीविषयी आणि जमिनींच्या सौद्यांविषयी बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण सूर्याचे उत्पन्न पहिल्याने कोणाच्या पानात वाढावे, या प्रश्नाचे एक सरळ उत्तर तीत मला दिसते. जो रात्री उभा राहतो त्यास दिवस द्यावा.

याचा अर्थ दुचाकीवाल्याने आपले पॅनेल उतरवून ठेवावे असा नव्हे. स्यमंतकाच्या कथेचा शेवट या दृष्टीने वाचण्यासारखा आहे आणि तो फारसा सांगितला जात नाही. शतधन्व्याकडून तो मणी अक्रूराच्या हाती गेला होता. श्रीकृष्णाने त्यास बोलावून घेतले, सोन्याच्या वेदींवर तुझे यज्ञ अखंड चालले आहेत त्यावरूनच मणी तुझ्यापाशी आहे हे मी जाणतो असे सांगितले, आळ दूर व्हावा म्हणून मणी सर्वांसमक्ष दाखविण्यास लावले, आणि मग तो परत अक्रूराकडेच दिला. मणी सरकारजमा झाला नाही, समुद्रात फेकला गेला नाही. खासगी माणसाजवळच राहिला. फक्त त्याचे सोने यज्ञांत खर्च होत होते आणि तो एकदा चारचौघांत उघड झाला.

चारचौघांत उघड होणे किती कठीण असते याचा प्रत्यय माझ्या माहितीतील एका गृहरचना संस्थेच्या सभेत नुकताच आला. संस्थेने सामायिक गच्चीवर पॅनेल बसविले आहेत. त्यांवर लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे चालतात, आणि जी वीज उरते तिच्यासाठी तळमजल्यावर सभासदांच्या दुचाक्यांकरिता चार्जिंगचे प्लग दिलेले आहेत. रात्रपाळीच्या रखवालदाराने एक जुनी विजेची सायकल घेतली, आणि ती तेथे लावू द्यावी काय, दिल्यास अर्ध्या युनिटाचे पैसे घ्यावेत काय, असा विषय कार्यक्रमपत्रिकेवर आला. त्यावर तासभर चर्चा झाली. उपविधींत ‘सभासद’ हाच शब्द असल्याचे चिटणिसांनी वाचून दाखविले. एका वृद्ध बाईंनी, मग सकाळी वर्तमानपत्र टाकणाऱ्या मुलाचे काय, असे विचारून सभेस आणखी पाच मिनिटे लांबविले. पूर्वदाखला पडेल अशी भीती दोघांनी व्यक्त केली. ठराव पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवण्यात आला असून, तोपर्यंत सायकल कोठे लावावी याविषयी इतिवृत्तात काही नोंद नाही.